भारत-नेपाळ जोडणाऱ्या मुझफ्फरपूर–ढल्केबर वीजलाइनवर कोणी काम केलंय का? मी बुटवल–गोरखपूरला जातोय

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी इस्लामपूरचा. इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं ३३ केव्हीच्या (३३ हजार व्होल्टच्या) कामांवर काढली. आता नेपाळातल्या बुटवलपासून गोरखपूरपर्यंतच्या ४०० केव्ही लाइनच्या भारताकडच्या भागात साइट इंजिनिअर म्हणून बोलावणं आलंय. मनापासून जायचंय, पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत. सपाट मैदानातली सव्वाशे-दीडशे किलोमीटरची लाइन, तिला इतकी वर्षं का लागतात? सीमेवर नेमकं काय असतं, एखादं केंद्र, स्विच? आणि नेपाळ आपल्याला जलवीज देणार म्हणतात, तर उलट आपणच त्यांना वीज देतो असंही वाचलं. जाणकारांनी सांगावं.

लाइनमास्तर:
मी कराडचा, आता निवृत्त. मुझफ्फरपूर–ढल्केबर लाइनच्या आपल्या बाजूला दोन हंगाम स्ट्रिंगिंगवर, म्हणजे तारा ओढण्याच्या कामावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विजेचं म्हणशील तर दोन्ही खरं आहे. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नाही. पावसाळ्यात नद्या फुगल्या की तिकडे वीज उरते, ती इकडे येते. पौष-माघात पाणी आटलं की इकडून तिकडे जाते. तार तीच. आमची लाइन तर आधी नेपाळला वीज द्यायलाच कामी आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा ४०० केव्हीची लाइन १३२ वर चार्ज केली होती, म्हणजे तेवढ्याच दाबाने वीज सोडली होती, कारण नेपाळातल्या ढल्केबरचं ४०० चं सबस्टेशन तयार नव्हतं. सुरुवात ८० मेगावॉटने. २०१८ मध्ये २२० वर आली आणि ४०० वर यायला २०२० उजाडलं. टॉवर उभे, तारा ओढलेल्या, आणि पलीकडच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर नाही! फार जीव तुटायचा माझा. पण त्या ८० मेगावॉटचंही मोल होतं बरं का. त्याआधीच्या काही हिवाळ्यांत काठमांडूत दिवसाचे चौदा-चौदा तास वीज नसायची. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळ आपल्या वीजबाजारात वीज विकायला लागला.

सीमेवर काहीच नसतं. आपला शेवटचा टॉवर आपल्या शेतात, त्यांचा पहिला त्यांच्या शेतात, मधे दशगजाची, म्हणजे सीमारेषेवरची, मोकळी पट्टी. तिथे बांधायचं नाही, पेरायचं नाही. वरून तारा जातात. आमच्याकडे ते सुरसंड–भिठ्ठामोडच्या अंगाला होतं. पण त्या दोन टॉवरांमधल्या एका गाळ्यासाठी दोन्ही बाजूंच्या सर्व्हेचे आकडे जुळावे लागतात, तारेचा झोळ किती ठेवायचा ते ठरावं लागतं, आणि फेजचा, म्हणजे तीन तारांचा, क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. आर-वाय-बी (लाल-पिवळी-निळी) उलटसुलट झालं तर चार्जिंगच्या दिवशी डोक्याला हात.

आता वर्षं का लागतात ते. टॉवर उभा करायला वेळ लागत नाही, सरावलेली गँग भराभर चढवते. वेळ लागतो तो टॉवरखालच्या माणसाशी बोलायला. लाइनसाठी आपण जमीन विकत घेत नाही. जमीन मालकाचीच राहते, पण ४०० केव्हीखाली ४६ मीटर रुंदीच्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, उंच झाड ठेवता येत नाही. आणि मुझफ्फरपूर म्हणजे लिचीचा मुलूख!

एक प्रसंग सांगतो. मे महिना, लिची लाल व्हायला लागलेली. पायलट दोर (तारेआधी ओढायचा दोर) ओढायला आम्ही एका बागेच्या बांधावर पोचलो, तर मालक आणि त्याची म्हातारी आई पहिल्याच झाडाला पाठ लावून बसलेले. भांडण नाही, शिवी नाही. झाडतोडीची नोटीस त्यांना आली होती, पण आमच्या ठेकेदाराने भरपाईचे पैसे दिलेच नव्हते. म्हातारीने एक घड माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बाबू, इतना तो पक जाने दो. मी काम थांबवलं. गँग बावीस दिवस बसून राहिली, मला वरून बोलणी खावी लागली. फळ उतरलं, पैसे मिळाले, मग झाडं पडली. ती पडताना मी तिथे उभा होतो. चाळीस वर्षांची झाडं होती ती.

संत्राबाग:
काका, वाचून डोळे भरून आले. माझ्या वरुडच्या शेतातून ७६५ केव्हीची लाइन गेलीय. आमच्याकडे असं थांबणारं कोणी नव्हतं. संत्र्याचं झाड धरायला पाच-सहा वर्षं लागतात, पंचनाम्यात मात्र ते 'झाड, नग एक'. भाऊ, तू जातोयस तर एक लक्षात ठेव: मोजणीला जाताना शेतकऱ्याला कागद आधी दाखव. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जमिनीला भरपाई म्हणून तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले. तिथल्या राज्याने काय स्वीकारलंय ते जाण्याआधी बघून घे.

पडघेकर:
एक भर घालतो. मी चंद्रपूर–पडघे एचव्हीडीसीच्या (उच्च दाबाच्या डीसी लाइनच्या) पडघे टोकाला होतो. नेपाळची ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, आपल्या ग्रीडशी एकाच तालात चालते, म्हणून साधी एसी लाइन पुरते. बांगलादेशाची तशी चालत नाही. म्हणून पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून गेलेल्या लाइनला पलीकडे भेडामाऱ्यात एसीचं डीसी आणि तिथल्या तिथे पुन्हा एसी करावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज पहिल्यांदा बांगलादेशात गेली, ती काकांच्या लाइनने भारतात येऊन पुढे याच वाटेने.

कृष्णाकाठचा:
मनापासून आभार सगळ्यांचे. काका, अजून एक. फाउंडेशनचं काय? आमच्याकडे मुरूम नाहीतर काळा पाषाण, तिथली माती मला माहीत नाही.

लाइनमास्तर:
गाळ रे बाळा, नुसता गाळ. बागमतीच्या काठी दोन हात खणलं की खड्ड्यात पाणी भरतं. नदी दरसाल कूस बदलते, आज बांधावर असलेला टॉवर पुढच्या वर्षी पात्रात. तिथे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्यावेच लागतात. २००८ मध्ये नेपाळात कुसहाला कोसीचा बांध फुटला तेव्हा नेपाळला वीज नेणाऱ्या जुन्या कटैया लाइनचे टॉवर पुरात गेले होते. तुझ्याकडे राप्ती आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, पाणी कुठवर येतं. नकाशात नसतं ते.

आणि एक जाड वही घे. टॉवर नंबर, मालकाचं नाव, कोणती झाडं, किती, कधी फळतात, सगळं तुझ्या हाताने लिही आणि मालकाची सही घे. भोजपुरी चार वाक्यं तरी शिकून जा. निघण्याआधी कराडला ये, माझी जुनी वही तुला दाखवतो.