ओमानच्या हजर पर्वतात वीस गाड्यांची वरात कशाला हवी?

डोंगरवेडा (दुबई)

थंडी पडायला लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज येतो: "ओमान कॅम्पिंग, वादी बनी औफ, फोर बाय फोरवाल्यांनी नावं द्या." मग हौसे, नवसे, गवसे सगळे धरून वीस गाड्यांची वरात निघते. माझं मत स्पष्ट आहे. वाळवंटात न्या शंभर गाड्या, तिथे रान मोकळं आहे. डोंगरात पाचच्या वर नेऊ नयेत.

ज्यांनी वादी बनी औफ या दरीत उतरणारा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल हमराहून शरफ अल अलमैनच्या माथ्यापर्यंत, म्हणजे साधारण २००० मीटर उंचीपर्यंत डांबर आहे. तिथून हात आणि बिलाद सैत या गावांकडे उतरणारी वाट खडीची. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, रुंदी एका गाडीची. अधूनमधून रस्ता जरा फुगतो, तिथेच काय ते समोरच्याला वाट देता येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उतरत असताना खालून एक म्हातारा ओमानी पिकअप घेऊन चढत होता. मागे शेळ्या आणि गॅसची दोन सिलिंडरं. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा घाटातला साधा नियम. पण पहिली गाडी मागे घ्यायची तर मागची अख्खी रांग मागे सरायला हवी, आणि रांगेतले निम्मे रिव्हर्स कॅमेऱ्यात बघूनच घामाघूम झालेले. शेवटी म्हाताराच मागे गेला. वळणावरून, एक कोपर खिडकीबाहेर ठेवून. आमची शेवटची गाडी पुढे सरेपर्यंत त्याच्या शेळ्या धूळ खात उभ्या. आणि वॉकीटॉकीवर आमचे लोक काय म्हणताहेत, तर "किती गोड माणसं आहेत ना इथली!"

स्टेपनी (शारजा)

असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय.

तुम्हाला पाच गाड्यांत जाता येतं कारण तुमचे चार मित्र आधीच तयार आहेत. माझ्यासारखीने काय करायचं? नवरा गाडी चालवत नाही, मैत्रिणींकडे सेदान. टायरची हवा किती उतरवायची, लो रेंज (चढ-उताराचा जास्त ताकदीचा गिअर) कधी टाकायची, अडकलेल्या गाडीला पट्टा कुठल्या हुकाला लावायचा आणि कुठल्या चुकूनही लावायचा नाही, हे मला अशाच एका मोठ्या ग्रुपच्या मार्शलने, म्हणजे ताफा सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाने, शिकवलं. फुकट, आपली शुक्रवारची सुट्टी घालवून. त्या दऱ्यांत फोनला रेंज नसते. एकटी गाडी अडकली तर पायी गाव गाठावं लागतं, तेही दोन मुलं बरोबर असताना. गर्दीला नाकं मुरडणारे बहुतेक स्वतः गर्दीतच शिकलेले असतात.

लो_रेंज (अबू धाबी)

मी बरीच वर्षं मार्शल म्हणून जातो, त्यामुळे पक्षपाती आहे हे धरूनच वाचा.

डोंगरवेडांनी सांगितलेला प्रकार ताफा मोठा असल्यामुळे नाही, ताफा बावळटपणे चालवल्यामुळे झाला. वीस गाड्या म्हणजे पाचाचे चार गट, दोन गटांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, आणि एक गाडी बरीच पुढे. ती वॉकीटॉकीवर कळवते, "पिकअप येतोय, फुगवट्यावर थांबा." हे केलं की कोणाला मागे जावं लागत नाही. आणखी एक फायदा म्हणजे धूळ बसायला वेळ मिळतो, मागच्याला पुढचं चाक कुठे पडतंय ते दिसतं.

खरी काळजी वेगळी आहे. नवखा माणूस उतारावर खालचा गिअर न टाकता डी मध्येच राहतो आणि ब्रेकवर पाय ठेवून येतो. खाली पोचेस्तोवर ब्रेकचा जळका वास आणि पेडल मऊ. अल जबल अल अखदरच्या डोंगरावर जाताना बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलीस फोर बाय फोर नसेल तर परत पाठवतात. तो रस्ता चांगला डांबरी आहे! उतार तसा आहे म्हणून. हजरच्या खडकाचंही तेच. बराचसा काळपट खडक हा वर उचलला गेलेला जुना समुद्रतळ आहे, कडा धारदार, टायरची बाजू चिरली की पंक्चरच्या दोरीने भागत नाही. अशा वेळी वीस गाड्यांत तुमच्या मापाची स्टेपनी कोणाकडे तरी सापडते. पाचांत सापडेलच असं नाही.

खादाड

मोठ्या ताफ्याच्या बाजूने. पाच गाड्यांत मिसळीचा कट कोण घेऊन येणार?

सोहारकर

मी इथेच ओमानमध्ये राहतो. मिसळ, धूळ, स्टेपनी सगळं ठीक, पण पाण्याबद्दल कोणीच का बोलत नाही?

वादी म्हणजे कोरडी नदी. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि वर डोंगरात तासाभरापूर्वी पाऊस पडून गेलेला असतो. उघडा खडक पाणी पीत नाही, सगळं खाली येतं, दगड घेऊन येतं. एप्रिल २०२४ मध्ये इथल्या समद अल शानला शाळेची मुलं असलेली गाडी वाहून गेली. रोजच्या रस्त्यावरची माणसं होती ती, हौशी नव्हेत. तुमच्याकडे अमिरातीत २०२३ पासून पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. पावसात वादीकाठी नुसती गर्दी केली तरी १००० दिरहम आणि ६ गुण. कायदा करणाऱ्यांना माणसांचा स्वभाव कळलाय.

आता मोठ्या ग्रुपचा स्वभाव बघा. चार जण असतील तर एक जण म्हणतो, "ढग बरे दिसत नाहीत, परत फिरू," आणि फिरतात. वीस कुटुंबांनी रजा टाकलेल्या, सीमेवर पैसे भरलेले, गाडीच्या विम्याचं ऑरेंज कार्ड काढलेलं, चिकन मुरत घातलेलं. तिथे "परत फिरू" म्हणणारा खलनायक ठरतो. मग "बघू, पुढे जाऊन तर बघू" होतं.

डोंगरवेडा

सोहारकर, मला नेमकं सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत.

लो_रेंज, तुमचे पाच-पाचचे गट रस्त्यापुरते मान्य. पण रात्री ते सगळे एकाच जागी तंबू ठोकतात ना? साठ-सत्तर माणसं. शौचाला जाणार कुठे? वादीच्या पात्रात, आडोसा असतो म्हणून. त्याच वादीतून कित्येक ठिकाणी फलज, म्हणजे गावाला पाणी नेणारा जुना पाट, निघतो. पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले, पण यादीत नसलेल्या फलजाचं पाणीसुद्धा गावात पाळीपाळीने वाटून घेतात, खजुराला आणि पिण्याला. शेकोटीला लाकूड कमी पडलं की कोणीतरी कुऱ्हाड घेऊन समूरच्या झाडाकडे निघतो, "वाळलेलंच आहे हो" म्हणत. इतक्या कमी पावसात ते झाड एवढं व्हायला किती वर्षं लागली असतील! अकरानंतर ब्लूटूथ स्पीकरवर गाणी. दरीत आवाज कसा घुमतो हे बिलाद सैतच्या लोकांना विचारा.

स्टेपनी

कुऱ्हाड नेणारा पाच गाड्यांतही कुऱ्हाड नेईल. आमच्या ग्रुपमध्ये लाकूड घरून न्यायचं, फावडं प्रत्येक गाडीत, खड्डा पात्रापासून लांब आणि टिश्यू पिशवीत परत. न पाळणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत. तुम्ही पाचजण काय करता हे तपासायला कोण येतं?

गावात हाफ पँट घालून फिरणं आणि ड्रोन उडवणं यावर मात्र तुमच्या बाजूने आहे. घरांची अंगणं वरून दिसतात, बायका फलजावर असतात. तो प्रकार बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पायी_पायी (मस्कत)

तुम्ही दोघेही गाडीतून उतरत नाही हीच अडचण आहे. जबल शम्सच्या डोंगरावर अल खतीम गावाहून बाल्कनी वॉकला जा. वादी घुलच्या कड्याला धरून वाट जाते, शेवटी ओसाड पडलेलं अस साब गाव लागतं. तिथे माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, लो रेंजशिवाय.

लो_रेंज

पायी, खतीमपर्यंत पायी गेला होतात का? :)

सोहारकरांचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. परत फिरायचा निर्णय आमच्याकडे लीड मार्शल एकटा घेतो, मतदान नाही. निघण्याआधी सगळ्यांना हे लेखी कळवलेलं असतं.

सोहारकर

लेखी असतं ते ठीक. पण त्या मार्शलने शेवटचा ताफा परत फिरवला कधी, आणि पुढच्या ट्रिपला लीड म्हणून त्यालाच बोलावलं का?

लो_रेंज

फिरवला होता, जबल अखदरला, उन्हाळ्यात दुपारी ढग चढले म्हणून. नंतर पाऊस पडलाच नाही. दोन महिने टोमणे खाल्ले. आणि हो, पुढच्या वेळी लीडला दुसरा होता.

सोहारकर

बघा.

स्टेपनी

मग तो मार्शल परत आणा, ताफा लहान करायची गरज नाही. मी त्याच्या मागच्या गाडीत यायला तयार आहे.

डोंगरवेडा

त्याला आणा, मीही येतो. पण पाच गाड्यांनंतर यादी बंद.