जॉबरला शिकवा, खर्च वसूल होतो

सोलापूरच्या कापड कारखान्यांत जॉबरला, म्हणजे मागावरच्या कामगारांच्या मुकादमाला, प्रशिक्षण द्यायचं म्हटलं की कोणीतरी म्हणतं, "शिकवलं की माणूस पुण्याला पळतो, मग खर्च कशाला?" हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. न शिकवताही माणसं जातातच. काही पगारासाठी, बरीचशी इथल्या वागणुकीला कंटाळून.

इथल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा नवा माग घ्यायला मालक कर्ज काढतो. पण चांगला कारागीर म्हणून ज्याला जॉबर केलं, त्याला माणसं कशी सांभाळायची हे कोण शिकवतं? तो ओरडतो, कामगार खाडे करतात, माग उभा राहतो. हा तोटा हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

मुंबईजवळच्या कापड कारखान्यांत स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघाडाच्या नोंदी, रोजची बैठक, कामानुसार बक्षीस अशा पद्धती बसवल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तो निव्वळ नेतृत्वाचा प्रयोग नव्हता हे खरं, पण या पद्धती रोज राबवायला मागांजवळ कामगारांसोबत असणारा जॉबरच लागतो.

छोट्या कारखानदाराला एकट्याने परवडत नसेल, तर शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून जॉबरांचा वर्ग सुरू करावा. सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या वेळेत आणि भरपगारी.