पहिल्या दुर्बिणीसोबत आयपीसची पेटी? अजिबात घेऊ नका

अवकाशवेडा:
काल इथे एकाने नवख्या मुलाला सांगितलं, ११४/९०० न्यूटोनियन (११४ मिमी आरशाची, ९०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण) घेतोयस ना, मग सोबतच पाच आयपीस (डोळा लावायची भिंगं), बार्लो (आयपीसची पॉवर वाढवणारं भिंग) आणि रंगीत फिल्टरची पेटी पण घेऊन टाक. वाचून डोकंच फिरलं. अहो त्या पेटीत असतं काय? ३२, १७, १३, ८, ६ मिमीचे आयपीस (पॉवर म्हणजे ९०० भागिले हा आकडा) आणि २ पटीचा बार्लो. बार्लो लावला की ३२ चा १६ होतो, १७ चा साडेआठ, १३ चा साडेसहा, आणि जवळपास तेच १७, ८, ६ पेटीत आहेतच, म्हणजे एकाच पॉवरचे पैसे दोनदा! ६ वर बार्लो लावलात तर ३०० पट, आणि ११४ मिमीचा आरसा फार तर २२८ पर्यंत जातो, तेही हवा स्थिर असेल तर. दुर्बिणीसोबत २५ आणि १० येतातच, ३६ आणि ९० पट, शनीची कडी आणि गुरूचे पट्टे त्यात दिसतात. एक ३२ चा प्लॉसल (आयपीसचाच एक प्रकार) घ्या, कृत्तिका त्यात छान मावतात, आणि उरलेल्या पैशात अंधाऱ्या जागी जा.

ध्रुवपद:
तो ‘एक’ म्हणजे मीच. गणित बरोबर आहे तुझं, पण रात्री गच्चीवर मुलांची रांग लावून बघितलंयस का कधी? ९० पटीला गुरू दोनेक मिनिटांत दृश्यातून बाहेर जातो, त्यात बार्लो काढ, घाल, परत फोकस कर, तोवर पोरं कंटाळून खाली पळतात. आणि सोबत येणारा १० चा आयपीस स्वस्त सेटमध्ये बहुतेकदा भिकार असतो, त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

सिलिंडर नंबरवाली:
तुम्हा दोघांना चष्मा नसणार. साधा नंबर फोकसने निघतो, सिलिंडरचा (बुबुळाच्या असमान गोलाईचा) निघत नाही, म्हणजे चष्मा घालूनच बघायचं. ६ च्या प्लॉसलला डोळा जेमतेम ४ मिमीवर न्यावा लागतो. पापण्या काचेला घासतात, तिथे चष्मा कुठून मावणार? पेटी घेऊन निम्मे आयपीस मला वापरताच येणार नाहीत. आधी आय रिलीफ (डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो ते) विचारा, मग पॉवर.

भाट्येकर:
तुम्ही पॉवरवर भांडत बसा, इकडे रत्नागिरीत पावसाळ्यात काय होतं ते कोणी बोलत नाही. त्या ॲल्युमिनियमच्या पेटीतला फोम ओल धरून ठेवतो. माझ्या भाच्याच्या १३ च्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली, पुसली तरी कोटिंगवर डाग राहिलाच. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तुमच्या हवेला आम्ही काय करणार!

ध्रुवपद:
मग तांदळाच्या डब्यात ठेवा की.

भाट्येकर:
तांदळाची पावडर भिंगात घालू? असले सल्ले देऊनच लोकांची वाट लावता तुम्ही! घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा, आत केशरी सिलिका जेल, हिरवी पडली की सुकवून परत घालायची. आणि दवात भिजलेल्या आयपीसला लगेच टोपण लावायचं नाही, आधी घरात उघडा सुकू द्यायचा. पुण्यात बसून हे नाही कळायचं.

ध्रुवपद:
पुण्यात पण पाऊस पडतो हो. पण ठीक, फोमचं मान्य.

अवकाशवेडा:
धागा बुरशीवरच गेला! एक महत्त्वाचं राहतंय. आयपीसला लावायचा काळा सन फिल्टर कुठल्याही सेटमध्ये मिळाला तर फोडून कचऱ्यात टाका, कोणाला देऊ पण नका. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर सोलर फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेली, आणि फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) टोपण.

सिलिंडर नंबरवाली:
हे धाग्याच्या वर लिहायला हवं होतं, पेटीचं राहू दे.

ध्रुवपद:
फिल्टरबद्दल शंभर टक्के सहमत. पेटीपण सोडतो, नका घेऊ. पण ३२ च्या आधी तो १० बदलायचा. नवखा पहिल्या रात्री शनीच बघणार, कृत्तिका नाही. याचं उत्तर दे.

अवकाशवेडा:
बदल, पण चांगल्या आय रिलीफचा. तरी माझा पहिला खर्च ३२ वरच.