मदत हवी आहे: व्हर्सिकलर की क्रायसोसेलिस?

उत्तर अमेरिकेतल्या करड्या वृक्षबेडकांचे जुने, फॉर्मॅलिनमधले नमुने ओळखायचे आहेत. ड्रायोफायटिस व्हर्सिकलरची गुणसूत्रं ४८ (चार संच, म्हणजे चौगुणित), क्रायसोसेलिसची २४ (दोन संच, म्हणजे द्विगुणित). दिसायला मात्र दोघे सारखेच. मांडीच्या आतला केशरी-पिवळा रंग केव्हाच उडालाय, आणि तसाही तो दोघांत असतो! नमुने जिथले आहेत तिथे दोन्ही जाती आढळतात, त्यामुळे नकाशाचा उपयोग नाही. हाकांचं ध्वनिमुद्रण आहे, पण तापमानाची नोंद नाही. हाकेतल्या स्पंदांच्या वेगावरून दोघे ओळखता येतात, पण तो वेग तापमानानुसार बदलतो. डीएनए काढून पाहिला, तुकडे फार लहान निघतात.

आता उरली पेशींची मापं: गुणसूत्रं जास्त, तर पेशी मोठ्या. बोटाच्या चकतीवरची जराशी त्वचा घेता येईल, नमुना चिरायची परवानगी नाही. फॉर्मॅलिनने पेशी आकसल्यावरही चौगुणित-द्विगुणित फरक भरवशाने कळतो का, आणि तुलनेला नेमके कसे नमुने घ्यावेत?