मदत हवी आहे: टॅरो रीडिंगला प्रश्न नेमका कसा विचारायचा?

मळावाट (फोंडा):
नमस्कार. पुढच्या आठवड्यात म्हापशाला टॅरो रीडिंग (चित्रांची पानं काढून त्यांवरून सल्ला) आहे, अर्ध्या तासाचं. विचारायचंय ते असं: "वेर्ण्याची नोकरी सोडून सासरच्या जुन्या घरात होमस्टे सुरू करू का आणि तो चालेल का?" एवढं पुरेल? घराच्या कागदपत्रांचंही विचारायचं आहे.

पानवाचक:
ताई, हा प्रश्न देवळात कौल लावायच्या घाटाचा आहे. देवाच्या मूर्तीला लावलेली पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, म्हणून तिथे हो-नाहीचंच विचारतात. टॅरोच्या ७८ पानांत असा होकार-नकार ठरलेला नाही, चित्रं आहेत. समजा पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या रंगाची, अठ्ठी आली. १९०९च्या रायडर-वेट या टॅरोच्या प्रसिद्ध संचात तिच्यावर बाकावर बसून नाण्यावर छिन्नी-हातोडी चालवणारा कारागीर आहे. यावरून होमस्टे चालेल की नाही, काय सांगणार? रीडर अंदाजाने काहीतरी बोलेल आणि तुम्ही तेच धरून बसाल. तेच पान "येत्या सहा महिन्यांत कशावर मेहनत घेऊ?" या प्रश्नाला आलं तर अर्थ सरळ लागतो: आधी काम शिका, एक खोली नीट उभी करा, मग दुसरीला हात घाला.

तुमच्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, ते सुटे करा. पहिल्यासाठी पाच पानं पुरतात. मधलं आजच्या स्थितीचं, डावीकडची दोन नोकरीत राहिल्यास, उजवीकडची दोन होमस्टे केल्यास. प्रत्येक जोडीत पहिलं पान "काय मिळेल", दुसरं "काय द्यावं लागेल". कुठल्या जागेचा काय अर्थ, हे पानं पिसण्याआधीच ठरवून घ्या. पान उलटं (डोकं खाली) आलं तर त्याचा वेगळा अर्थ धरायचा की नाही, तेही. नंतर ठरवलं की माणूस आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

केल्टिक क्रॉस ही दहा पानांची मांडणी अर्ध्या तासात नको, घाईत निम्मी पानं नुसती वाचून सोडली जातात.

सांजवात:
कागदपत्रांचं पानांना अजिबात विचारू नका. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा गोव्यातला कागद) काढा. मालकी सामायिक असेल किंवा जागेत मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल तर वकील गाठा. होमस्टेची नोंदणी पर्यटन खात्यात करावी लागते, तिथली कागदांची यादी आधीच आणा. रीडिंगचे पैसे यावर घालवणं मला तरी पटत नाही.

मळावाट:
मग असं लिहिलं तर? "नोकरी सांभाळून मार्चपर्यंत होमस्टेची तयारी करताना माझ्यापुढे मुख्य अडचण कोणती आणि ती मी कशी हाताळू?" आणि घरच्यांना हे पटेल का?

पानवाचक:
पहिला उत्तम. मुदत आहे, काम तुमच्या हातातलं आहे. अडचण, उपाय, पुढचं पाऊल अशी तीन पानं काढायला सांगा. दुसऱ्यात तुम्ही इतरांच्या मनातलं विचारताय. तिथे राजा-राणीचं पान आलं की ते सासूबाईंचं की तुमच्याच स्वभावाचं, यावर घोळ होतो. त्याऐवजी "घरच्यांशी बोलताना मी काय ध्यानात ठेवू?" असं विचारा.

एखादं पान उमगलं नाही तर खुलाशाला एकच जादा पान घ्या. मनासारखं येईपर्यंत पानं काढत राहिलात तर पहिलं उत्तरही हातचं जातं. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आलेल्या पानांचा तिथेच फोटो काढा, कुठलं पान कुठल्या जागी होतं हे नंतर आठवत नाही.