मदत हवी आहे: ८६ सालच्या बुलेटचं टायमिंग जुळेना, आधी किक उलटी मारायची, आता ओढतच नाही

मंडळी, वडिलांची बुलेट स्टँडर्ड ३५०, पॉइंटवाली, म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी पडते असा जुना यांत्रिक स्विच असलेली. गेल्या महिन्यात हाफ इंजिन केलं, बोअर, पिस्टन, रिंगा, आणि टायमिंग साइडला (जिथे कॅमचे गिअर असतात) आवाज होता म्हणून मिस्त्रीने तेही कव्हर उघडलं. गाडी घरी आणली आणि तिसऱ्याच किकला पाय असा फेकला की दोन दिवस लंगडत होतो.

टायमिंग फारच अ‍ॅडव्हान्स म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय असं दिसतंय म्हणून स्वतःच पॉइंटची प्लेट थोडी थोडी रिटार्डकडे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी, फिरवत गेलो. किक उलटी मारायची थांबली पण आता पुलिंग शून्य, कुंभार्ली घाटात दुसऱ्यावर रडतखडत चढली आणि अंधारात खाली बघतो तर बेंडपाइप (सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) हेडजवळ चक्क लालसर!! मधली जागा काही सापडेना.

काय काय केलं ते सांगतो. पॉइंटचा गॅप आधी ०.३५ मिमीला आणला, कारण गॅप हलला की टायमिंग हलतंच. मग दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या) बोटाने मोकळे फिरतात तो टीडीसी (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) धरला, म्हणजे कॉम्प्रेशनचाच, आणि पिस्टन त्याच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला हवेत म्हणून प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घालून मापलं. पॉइंट कधी उघडतात ते अँपमीटरवर बघतो, इग्निशन ऑन करून इंजिन हळू फिरवलं की काटा डावीकडे असतो तो टकन मध्यावर येतो, पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून तो कधी सुटतो ते बघण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. पण बुलेटचा प्लग तिरका बसतो ना, मग स्पोकवरचे ०.८ म्हणजे पिस्टनचे ०.८ नव्हेत, इथेच माझा विश्वास उडाला.

आता खरी शंका. प्लेटवर जुन्या स्क्रूच्या वॉशरचा चकचकीत गोल ठसा आहे, खाचेच्या बरोबर मध्ये. इतकी वर्षं स्क्रू तिथेच होता. आता तो खाचेच्या पार टोकाला जाऊन अडलाय. कॅमच्या गिअरवर खुणा असतात हे माहितीये पण पॉइंटकडे जाणाऱ्या मधल्या आयडलर गिअरवर खुणा नसतात, मग कव्हर लावताना तिकडे एखादा दाता चुकला असेल का? मिस्त्री म्हणतो "खुणा जुळवूनच लावलंय, कार्ब्युरेटर बघा". बघितला हो, जेट साफ आहेत.

अजून एक, पॉइंटचा कॅम बोटाने पिळून सोडला की स्प्रिंगने झटकन मागे यायला पाहिजे, माझा आळसात येतो. म्हणजे (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या) ऑटो अ‍ॅडव्हान्सची स्प्रिंग ढिली झालीये की नुसतं तेल वाळून चिकटलंय? आणि तो कॅम अर्धवट अ‍ॅडव्हान्समध्ये अडकला असताना मी मापलं असेल तर सगळंच माप चुकलं की!

तर विचारायचं हे, की हेड न उतरवता पिस्टनचं माप खात्रीने कसं घेता? आणि एक दाता चुकलाय की नाही हे कव्हर न उघडता कळतं का? एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटच्या टीडीसीला दोन्ही पुशरॉड घट्ट लागतात, म्हणजे ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे) आहे, पण एका दात्याचा फरक त्यात दिसेल असं वाटत नाही.

रविवारी मोकळा आहे, कव्हरचं गॅस्केट आणून ठेवलंय पण उघडायचं धाडस होत नाहीये. "विकून टाक" असं सांगणाऱ्यांनी कृपया वडिलांशी बोलावं.