पूतना झालीच नाही, म्हणून मारबत खोटी?

इतवारीकर: आमच्या नागपूरची मारबत म्हणजे पूतनेचं रूप समजून मिरवून जाळतात तो पुतळा. तिच्यावर काल एकानं लिहिलं, "पूतना झालीच नाही, मारबत म्हणजे दंतकथा. खरं हवं असेल तर इतिहास वाचा." डोकं तडकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ गोवरानं फणफणला होता. आजीनं त्याचं जुनं बनियन त्याच्यावरून उतरवलं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पिवळ्या मारबतीच्या पायाशी टाकलं. "ईडा पीडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" ओरडताना तिचा आवाज फाटला. तिची दोन लेकरं अशीच तापात गेली होती. पूतनेचा जन्मदाखला तिला नकोच होता. पाजायला घेतलेलं पोर मांडीवरच निळं पडतं, हे तिनं पाहिलं होतं. हे कोणत्या इतिहासात लिहिलंय?

महालातली सून: आजीचं दुःख खरं. पण दुसरी, काळी मारबत, तिचं काय जी? 1881 पासून निघते, आणि घरोघरी सांगून राहिले की ही इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई, दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले. वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं डलहौसीनं. जाळायला मात्र विधवा सापडली!

इतवारीकर: 1857 ला तिनं इंग्रजांची बाजू धरली, ते विसरू नका.

महालातली सून: धरली. पण त्याआधी भोसल्यांचे हत्ती-घोडे लिलावात निघाले. तेव्हा "सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन" असं बजावणारीही हीच बाकाबाई. हे कोणी सांगते? माझ्या सासरी दर मारबतीला मला ऐकवतात, "बाई घरात आली की राज्य जाते." बारा वर्षं ऐकते आहे.

गांधीबाग: ते सोडा. त्या दिवशी डीजेनं माझ्या म्हाताऱ्या बापाचं काळीज हलते, त्यावर बोला आधी!

इंदोरा: गोष्टीच नको म्हणणाऱ्यांनी ऐका. धम्मदीक्षेला नागपूरच का निवडलं, ते बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात सांगितलं. इथं आरएसएस आहे म्हणून नव्हे. इथले नाग लोक धम्म पसरवणारे. आर्यांशी झालेल्या झगड्यात अगस्ती मुनींनी एक नाग वाचवला, आपण त्याचे वंशज. आमच्या आईला अक्षर येत नव्हतं, पण ती गोष्ट सांगताना ताठ बसायची.

इतवारीकर: बघा! मी तेच म्हणतो.

इंदोरा: तेच नाही, बाप्पा. आदल्याच दिवशी 22 प्रतिज्ञांत राम-कृष्णाला देव मानणार नाही, असंही ते म्हणाले. गोष्ट घेतली, पूजा टाकली. ती गोष्ट दबलेल्याला उभं करते. तुमची काळी कोणाला उभं करते?

इतवारीकर: त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. वाडा पेटवण्याचंही ठाऊक नव्हतं. पिवळीला मी ओरडणार, आजीसाठी. काळी नेहरू पुतळ्यापाशी आली की यंदा गप्प राहीन.

महालातली सून: गप्प काहून? शेजारी उभ्या पोराला वाड्याची गोष्ट सांगा.